मशीनची खोली

रुवी, मस्कत
सप्टेंबर, शुक्रवार, जुम्म्यानंतर

प्रिय उमामा,

सलाम आणि खूप खूप दुआ. हे पत्र हाताने लिहितोय. लिहून झालं की तुझी अम्मी मोबाइलवर फोटो काढून तुला पाठवेल. मग फोनच का नाही केला, असं तू विचारशील. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, बाय. तू फार्मसीतून निघालेली असतेस, गाडीत असतेस, काचेवर तुमच्या त्या थंड मुलखातला पाऊस वाजत असतो आणि आमच्या जावयाला, जिब्रानला, तेव्हाच काहीतरी विचारायचं असतं. मराठी वाचताना मात्र तुला अजून ओळीखाली बोट ठेवावं लागतं. म्हणूनच मराठीत लिहितोय. सावकाश वाच. अडलं तर जिब्रानला विचारू नकोस, त्याचं मराठी तुझ्याहून दिव्य आहे. अम्मीला विचार.

इकडे सप्टेंबर आला तरी उन्हाची मस्ती उतरलेली नाही. बिल्डिंगची लिफ्ट पुन्हा बंद आहे. अम्मी तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायचंच टाळते, कारण उतरलं की चढावं लागतं आणि तिचे गुडघे आता तिचं ऐकत नाहीत. मीही थकलोय, उमामा. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, आता लिहून टाकतो. पूर्वी भर दुपारी गच्चीवर चढून पत्र्याच्या डक्टवर बसून डबा खायचो. आता गच्चीवर पोचलो की आधी टाकीच्या सावलीत बसतो आणि कशाला आलो होतो ते आठवत राहतो. बरोबरची पोरं काही बोलत नाहीत, पण माझ्या हातातल्या पिशवीतलं सामान गुपचूप काढून घेतात. डिसेंबरला माझं काम संपतं. आमच्या मालकाने, अर्बाबने, समोर बसवून कहवा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, खलास यूनुस, आता आराम. चौतीस वर्षं या माणसाच्या आणि त्याच्या बापाच्या हाताखाली एसी बसवून लोकांची घरं थंड केली. आराम म्हणजे नक्की काय करायचं ते काही मला विचारता आलं नाही.

आता आधी कामाचं. पुढच्या आठवड्यात तुझ्या घराच्या भिंतींचे पॅनेल कारखान्यात कापायला घेतील म्हणालीस. एकदा कापले की दार इकडचं तिकडे होणार नाही. म्हणून त्याआधी शेवटच्या नकाशात एक बदल करायचा आहे. तुमची ती हवेची मशीन तू खालच्या मजल्यावर न्हाणीघराच्या शेजारी दक्षिणेच्या खोलीत ठेवली आहेस, आणि गरम पाण्याची टाकीही तिथेच. दोन्ही तिथून काढ. हे पत्र त्याचसाठी आहे.

मशीनशी माझं काही वाकडं नाही, उलट मला ती फार आवडली. तुम्ही म्हणे घर इतकं घट्ट बंद करणार की मुंगीला फट मिळायची नाही, दारात मोठा पंखा लावून कुठून वारा येतो ते तपासणार, आणि मग श्वास घ्यायला ही मशीन बसवणार. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो. आमच्या दाभोळच्या घरात कौलांतून वारा यायचा, उजेड यायचा, पाऊसही यायचा, आणि त्याला आम्ही घरच म्हणायचो. पण नंतर मशीनची माहिती नीट बघितली. आतली वापरलेली हवा बाहेर जाते, बाहेरची ताजी आत येते, आणि दोघी आत एकमेकींना चाटून जातात, त्यात जाणारी आपली ऊब येणारीला देऊन टाकते. जुम्म्याला मशिदीच्या दारात निघणारा आत येणाऱ्याशी मुसाफा करतो, हात हातात घेतो, तसं. ज्याने ही मशीन काढली त्याचं डोकं भारी आहे.

तर ती मशीन तू मागच्या दाराशी, कपडे धुण्याच्या जागेत उत्तरेच्या भिंतीवर टांग. मी नकाशावर पट्टी लावून बघितलं, बसते. बाहेरची भिंत लागूनच आहे, म्हणजे बाहेर जाणारे डक्ट आखूड होतील, आणि डक्ट जितका आखूड तितका आवाज कमी. मशीनमधून जे पाणी ठिबकतं त्याला जायला वॉशिंग मशीनचा निचरा शेजारीच आहे. आणि फिल्टर हाताशी येतो. फिल्टर बदलायला शिडी लागली की माणूस फिल्टर बदलत नाही, हे मी मस्कतच्या बड्या बड्या व्हिलांमध्ये बघितलंय. पाण्याची टाकी जिन्याखाली जाते. जिन्याखाली तू सायकली ठेवणार आहेस, त्या बाहेर पावसात राहू देत, तुमच्याकडे सायकल चालवण्यासारखा दिवस येतो तरी कधी? हे सगळं तुझ्या त्या आर्किटेक्ट बाईला दाखव. ती हुशार आहे. यात तिला खोट सापडली तर मला फोन कर, पण सापडायची नाही.

सापडायची नाही असं म्हणतोय खरं, पण मागच्या वेळी मी काय दिवे लावले ते तुला ठाऊक आहेच. तू पहिला नकाशा पाठवलास तेव्हा दक्षिणेला एवढ्या मोठ्या खिडक्या बघून मला वाटलं, घराची भट्टी होणार. मी लाल पेनने प्रत्येक खिडकीवर छज्जा काढून पाठवला. तू हसलीस आणि म्हणालीस, अब्बा, इथे सूर्य पाहुणा आहे, त्याला दारातून परत पाठवायचं नसतं. मग तो भिंतीतला कागद. भिंतीत दमट हवा शिरू नये म्हणून जो पडदा लावतात, तो मी तुला बाहेरच्या अंगाला लावायला सांगितला. अगदी छातीठोकपणे. इकडे आयुष्यभर तसाच लावत आलोय. तुझ्या बाईने नम्रपणे कळवलं की तो आतून लागेल. नियम एकच आहे, पडदा नेहमी उबेच्या बाजूला. इकडे ऊब बाहेर असते आणि आपण तिला आत येऊ देत नाही. तुमच्याकडे ऊब आत असते आणि तुम्ही तिला बाहेर जाऊ देत नाही. भिंत तीच, पण मी सगळं उलटं धरून बसलो होतो. माझं ऐकलं असतं तर भिंत आतून कुजली असती आणि कुणाला कळलंही नसतं.

तसं उलटं आपल्याला नवीन नाही. तुला आठवतं का, उन्हाळ्यात आपण गीझर बंद करून ठेवायचो? गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उकळल्यासारखं यायचं, म्हणून गार पाण्याच्या नळाखाली चटका बसायचा, आणि घरात सावलीत पडून राहिलेल्या गीझरचं पाणी त्यातल्या त्यात गार असायचं. तू लहानपणी तेच शिकलीस, लाल नळ गार आणि निळा नळ गरम. मग सुट्टीत गावी गेलो तेव्हा काकाच्या न्हाणीघरात तू विश्वासाने लाल नळ सोडलास आणि किंचाळत बाहेर आलीस. सगळे हसले. अम्मी अजून ते सांगते. परवाही सांगत होती.

त्या कागदाच्या गोंधळानंतर महिनाभर तू नकाशा पाठवला नाहीस. मला वाटलं, म्हाताऱ्याने पुरती शोभा करून घेतली, आता कशाला विचारील. मग परवाच्या मंगळवारी शेवटचा नकाशा आला. मी चष्मा लावून मोबाइलवर मोठा करून बघू लागलो. अम्मी शेजारी भेंडी चिरत होती. खालच्या मजल्यावरची जी दक्षिणेची खोली, न्हाणीघराला लागून, जिना न चढता जाता येईल अशी, जिच्यावर पहिल्या नकाशात तू इंग्रजीत 'अब्बा अम्मी' असं लिहिलं होतंस, तिच्यावर आता 'प्लांट रूम' लिहिलं होतं. अम्मीने वाकून वाचलं आणि विचारलं, झाडांना वेगळी खोली? मी म्हटलं, झाडांना नाही, मशीनला. ती भेंडी चिरत राहिली, पण देठंही भाजीत गेली, ती मी नंतर जेवताना ताटाच्या कडेला काढून ठेवली.

मला लागलं, उमामा. खोटं कशाला सांगू? रागही आला. मनात म्हटलं, मी पोरीला काय सांगितलं होतं आणि तिने काय केलं. ईदच्या दिवशी तू फोनवर विचारलं होतंस, "अब्बा, घर झालं की तुम्ही दोघं आमच्याकडे येऊन राहणार ना?" मी तुला तेव्हाच उत्तर दिलं होतं. पहिला नकाशा आला तेव्हा तू पुन्हा विचारलंस, मी पुन्हा तेच सांगितलं. मग जिब्राननेही विचारलं, हेही म्हणाला की अंकल, व्हिसा कायमचा मिळणं फार कठीण आहे, पण जितके महिने देतील तितके महिने या, जा, पुन्हा या, खोली तुमचीच. भला मुलगा आहे. त्यालाही मी तेच उत्तर दिलं. एवढं सांगूनही खोली गेली, म्हणजे पोरीचं मन फिरलं असणार, असं धरून मी दोन दिवस घरात तोंड पाडून बसलो. सीबहून आपला गाववाला जहूर भेटायला आला, त्याच्याशीही धड बोललो नाही. तो आपला जुना सूर लावून बसला, की जावयाच्या घरी राहणं बरं नाही, गावात लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांना सांग आधी आमची लिफ्ट दुरुस्त करा आणि मग बोला. बिचारा चहा न पिता गेला.

गावी जायला कुणी नाही म्हटलेलं नाही. दाभोळला वरचा मजला आपलाच आहे, मीच बांधलाय, खाडी दिसते. पण मी तिकडे चौतीस वर्षं फक्त पाहुणा म्हणून गेलोय. गेलो की भाऊ बंदरावरून पापलेट आणतो, शेजारी भेटायला येतात, आणि महिना संपायच्या आत सगळे विचारू लागतात, परत कधी? वाईट हेतूने नाही विचारत, त्यांना तीच सवय झाली आहे. आता भावाची मुलं मुंब्र्याला गेली, खाली तो आणि भाभी, दोघंही आमच्याहून थकलेले. तिथे विजेचं बिल कुठे भरायचं, डॉक्टर कोणता बरा, मला काही ठाऊक नाही. मला गावी कायमचं जायची भीती वाटते, बाय. हे मी अम्मीलाही सांगितलं नव्हतं. तिला ते आधीपासून माहीत होतं, ती गोष्ट वेगळी.

आता काल काय झालं ते ऐक. लिफ्टसाठी अम्मीने बिल्डिंगच्या ऑफिसात फोन लावला. मी समोर चहा घेऊन बसलो होतो. तिने आपल्या हिंदीत सगळं गाऱ्हाणं सांगितलं, गुडघे, तिसरा मजला, पाण्याच्या बाटल्या, सगळं. पलीकडचा माणूस काहीतरी बोलला. तिने फोन ठेवला आणि म्हणाली, "खलास. इन्शाल्ला म्हणाला. म्हणजे येत नाय."

माझा कप हातातच राहिला. कारण उमामा, मी तुला तिन्ही वेळा काय उत्तर दिलं होतं? इन्शाल्ला. ईदला इन्शाल्ला. नकाशा आल्यावर इन्शाल्ला. जिब्रानला, इन्शाल्ला बेटा. आणि मी समजून बसलो होतो की तीनदा हो म्हणून झालं! अम्मी माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या डोक्यात प्रकाश माझ्याआधी पडला होता. ती म्हणाली, "पोरगी मस्कतात वाढली हो. तिला तुमचं इन्शाल्ला नाय म्हणून ऐकू गेलं."

मग मला ते सलालाहचं आठवलं. तू शाळेत होतीस. तिकडे पाऊस पडतो, डोंगर हिरवे होतात, वर्गातल्या सगळ्या मुली जाऊन आल्या, आणि तू दर उन्हाळ्यात विचारायचीस, या वर्षी जायचं? मी म्हणायचो इन्शाल्ला. कामच इतकं असायचं उन्हाळ्यात, मस्कतभरचे एसी तेव्हाच बंद पडायचे. एकदा तू अम्मीला जाऊन सांगितलंस, अब्बांना विचारलं, ते इन्शाल्ला म्हणाले, म्हणजे या वर्षीपण नाही. आम्ही पोट धरून हसलो होतो. जहूरच्या घरी, मवालेहच्या बाजारात, जो भेटेल त्याला मी हा किस्सा सांगायचो, बघा माझी पोरगी किती चलाख. प्लंबर इन्शाल्ला म्हणाला की नळ गळतच राहायचा, घरमालक इन्शाल्ला बुकरा म्हणाला की तो उद्या कधी उजाडायचा नाही. तू त्याच भाषेत मोठी झालीस. आणि मी तुला फोनवर इन्शाल्ला म्हटलं तेव्हा तू अगदी हळू आवाजात 'ओके अब्बा' म्हणालीस. ते ओके मी ऐकलं होतं. मला वाटलं, लाइन खराब आहे.

माझं इन्शाल्ला तिथलं नव्हतं, बाय. माझं दाभोळचं होतं. माझी आई, तुझी दादी, कधी वायफळ इन्शाल्ला म्हणायची नाही. मुंबईहून माणसं येणार असली आणि कुणी विचारलं, येतील का हो, तर ती म्हणायची इन्शाल्ला येतील, आणि म्हणता म्हणता उठून चुलीवर भाताचं आधण ठेवायची. माणूस अजून दापोलीलाही पोचलेला नसायचा आणि इकडे पाणी उकळायला लागलेलं असायचं. तिच्या तोंडून इन्शाल्ला आलं म्हणजे जबान दिली. मी तेच तुला म्हटलं होतं. ते मस्कतहून तुमच्याकडे पोचेपर्यंत उलटं झालं, त्यात तुझी काय चूक? आणि तूही किती शहाणी, तुला वाईट वाटलं असणार, पण भांडली नाहीस, रडली नाहीस, खोली रिकामी राहायला नको म्हणून तिथे मशीन ठेवून दिलीस. रात्री जेवताना अम्मी म्हणाली, आता फोनवर पुन्हा घोळ घालू नका, लिहून पाठवा. तिनेच हे कागद काढून दिले.

तर मशीन उत्तरेच्या भिंतीला, टाकी जिन्याखाली, आणि ती दक्षिणेची खोली आम्हाला परत दे. तुला तिथे आणखी काही ठेवायचं असलं तरी ठेवू नकोस. अम्मीला जिना चढवत नाही आणि मला उन्हाकडे पाठ करून जगायचा आता कंटाळा आला आहे, त्या मोठ्या खिडकीत खुर्ची टाकून तुमचा पाहुणा सूर्य येतो का ते बघत बसेन. गुरुवारच्या आत नकाशावर आमची नावं पुन्हा लिही आणि मला फोटो पाठव. पुन्हा घोळ नको म्हणून साफ शब्दांत लिहितो: हो. आम्ही येतो. व्हिसा देणारे देतील तितके महिने राहू, आणि पुन्हा येऊ. मी एवढंच लिहून थांबणार होतो, पण अम्मी खांद्यावरून वाचतेय आणि म्हणतेय, अल्लाहचं नाव न घेता एवढं ठामपणे बोलू नये. तिचंही खरं आहे. म्हणून लिहितो, इन्शाल्ला. दादीचं. आधण ठेव.

तुझाच,
अब्बा